डाव्या हातासाठी दांडी

आमच्या कारखान्यात लाकडी वस्तू बनतात. खुर्च्यांचे पाय, कपाटांच्या मुठी, जिन्यांचे कठडे, कुणी मागितला तर दिव्याचा खांबही. मी तिथे हिशेब पाहतो. माझं टेबल आणि डिझाइनचं टेबल यांच्यामध्ये फक्त एक काच आहे. त्या काचेमुळे माझी बेरीज कधी चुकली नाही, पण चहा मात्र पुष्कळदा गार झाला.

काचेपलीकडे कापताई बसते. हे तिचं खरं नाव नव्हे, आमच्या सुतारमामांनी ठेवलेलं आहे. कोणतीही वस्तू समोर आली की ती आधी विचारते, "याचा काप काय?" काकडी आडवी कापली की जशी गोल चकती दिसते, तसं कोणत्याही वस्तूला आडवं कापलं तर जी सपाट आकृती दिसेल, तो तिचा काप. एकदा मामा नवे बूट घालून आले. सगळ्यांनी वाहवा केली. ही म्हणाली, "मामा, टाचेचा काप जरा तिरका वाटतोय." मामा संध्याकाळपर्यंत लंगडत होते, आणि दुसऱ्या दिवसापासून ती कापताई झाली. वयानं ती माझ्या धाकट्या बहिणीएवढी, मला भाऊ म्हणते, म्हणून मीही तिला अहोजाहो करत नाही.

तिचं काम समजायला मला वेळ लागला. मी वाणिज्य शाखेचा माणूस. माझ्या कागदावरचे आकडे कागदावरच राहतात, उठून उभे राहत नाहीत. तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तेच होतं. आधी नुसती राखाडी, रिकामी जागा असते. तिथे ती एक रेघ ओढते, हवी तशी वळवते आणि जिथून निघाली तिथेच आणून जोडते. हे जोडणं महत्त्वाचं. केसाएवढी फट राहिली तरी ती नुसती रेघच राहते, आत काही भरत नाही. नीट जोडली की आतला भाग हलका निळा होतो. मग ती त्याला चिमटीत धरून वर ओढल्यासारखं करते, आणि ट्यूबमधून टूथपेस्ट यावी तशी ती सपाट आकृती वर येत राहते. चौकोनाचा ठोकळा होतो, चकतीचा खांब होतो.

दुसरी रीत मला जास्त आवडते. खुर्चीच्या पायाची फक्त एका बाजूची कड काढायची, शेजारी एक उभी सरळ रेघ द्यायची, आणि ती कड त्या रेघेभोवती दारासारखी फिरवायची. दार पूर्ण फेरी मारून परत आपल्या जागी येतं आणि मागे, हवेत, अख्खा पाय उभा असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पेनाला टोपण लावायचं विसरलो. त्या शर्टाच्या खिशावर अजून डाग आहे.

तिसरी रीत जिन्याच्या दांड्यांची. आधी वाट काढायची, सरळ, चढाची, वळणाची, कशीही. मग दांडीचा काप त्या वाटेवरून ओढत न्यायचा. तो जिथून जिथून जातो तिथे मागे भरीव दांडी राहते.

जेवणाच्या सुट्टीत ती कुणी न मागितलेल्या वस्तू करायची. खिडकीबाहेरच्या टेकडीची कड काढून फिरवली, तर एक पसरट भोवरा झाला. चहाच्या वाफेची कड फिरवली, तर इतकी नाजूक बरणी झाली की मामा म्हणाले, "ही लाकडात मागितलीस तर मी राजीनामा देईन." तिला ऐकूच आलं नाही. ती त्या बरणीकडे बघत बसली होती, जणू आत काय ठेवायचं तेवढंच ठरायचं बाकी आहे.

आम्ही एकाच गल्लीत राहतो. संध्याकाळी कारखाना सुटला की बरोबर चालत येतो. उन्हं तिरपी झालेली असतात. सायकलची सावली, झाडाची सावली, एखाद्या मांजराची सावली भिंतीवर सपाट पडून आमच्याबरोबर सरकत असते. अशा वेळी तिचं बोलणं कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.

"भाऊ, माणसाचा काप घेतला आणि तो दिवसभर जिथून चालला त्या वाटेवरून ओढला, तर संध्याकाळी केवढी लांब वस्तू होईल, नाही?"

"माझी कशी दिसेल?"

"तुमची? घर ते कारखाना, कारखाना ते घर. कपडे वाळत घालायची दोरी. दोन्ही टोकांना गाठ."

मी हसलो. तिच्या दारापाशी आल्यावर तिनं वरच्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईंचं काय होईल सांगू? पलंग ते खिडकी. नुसता गोळा."

आई म्हणजे तिच्या सासूबाई. गल्ली त्यांना टेलरआजी म्हणते. त्यांचं घर वर आणि शिवणाची खोली खाली. त्या खोलीत मशीन, कापायचं लांब टेबल, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, कपडे बेतायच्या कागदांचे गठ्ठे. अर्ध्या गल्लीचे खांदे, कंबरा, बाह्या तिथे सपाट लटकत असतात. काही महिन्यांपूर्वी आजी जिन्यावरून उतरताना पडल्या आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटं पूर्वीसारखी मिटेनात. पायांना काही झालं नव्हतं. तरी आजी त्यानंतर खाली उतरल्या नाहीत. आज हात दुखतोय, आज पाहुणे यायचेत, उद्या बघू. डावा हात त्या शालीखाली ठेवत, आणि चहाही उजव्या हातानं, बशीशिवाय घेत. खाली सुईखाली एक फ्रॉक अर्धा शिवलेला पडून होता. आणि एका खिळ्याला माझी पँट होती, कंबर सैल करायला दिलेली. ती अडकल्यामुळे मी एकाच पँटवर दिवस काढतोय, हे माझी बायको मला आणि गल्लीला वेळोवेळी सांगत असे.

मी एकदा चहाला वर गेलो असताना विषय निघाला. कापताईचा नवरा म्हणाला, "आई, खोली नुसती कुलपात पडलीये. झेरॉक्सवाला मागतोय. मशीन वर आणू, खिडकीशी ठेवू. उजेड पण चांगला."

"मशीन वर आलं की मी पलंगाची झाले म्हणून समज," आजी म्हणाल्या.

"मग चल ना खाली."

"येईन की. माझे पाय काय मोडलेत?"

"कधी पण?"

"तू आधी दाढी कर, मग मला विचार."

"महिनाअखेरीला तो उत्तर मागणार आहे, आई. तू उतरलीस तर खोली तुझी. नाहीतर मी त्याला हो म्हणणार."

आजींनी खिडकीबाहेर पाहिलं. शालीखाली काहीतरी हललं. कापताई कप गोळा करत होती. ती तिथेच थांबली, आणि तिची नजर सासूवर नव्हती, दाराबाहेर जिन्यावर होती.

तो जिना मी नीट ओळखतो. अरुंद, एकाच सरळ रेषेत उतरणारा. चढताना उजव्या हाताला पक्की भिंत आणि डाव्या हाताला शेजाऱ्याची पातळ फळ्यांची भिंत, जिला कॅलेंडरसुद्धा सोसत नाही. धरायला कुठे काही नाही. कापताईनं ठरवलं की पक्क्या भिंतीला दांडी लावायची, आणि ती बाजारातली नाही, आईंच्या मुठीची. मालकांनी कोपऱ्यातलं चांगलं लाकूड दिलं. तिनं मुलांच्या खेळण्यातली माती आणली, तिचा गोळा केला आणि सासूपुढे धरला. "आई, कठडा धरल्यासारखा दाबा."

आजींनी उजवा हात पुढे केला आणि असा दाबला की माती बोटांमधून वर आली. "हात अजून कैचीचा आहे म्हटलं," त्या म्हणाल्या.

तो गोळा तारेनं मधोमध कापल्यावर सपाट तोंड मिळालं. त्याची कड तिनं पडद्यावर उतरवली. एका बाजूला अंगठ्याची खोबण, दुसऱ्या बाजूला बोटांचा उतार, वर तळव्याचा फुगीर भाग. मग वाट काढली, तळाच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत, आणि तो काप सोडला. मी काचेतून बघत होतो. एक मूठ जिना चढत गेली आणि मागे दांडी उरली.

सुतारमामांनी ती मशीनवर कापली, हातानं घासली, तेल दिलं. रविवारी बसवली तेव्हा आम्ही सगळे खाली जमलो होतो. मी, माझी बायको, कापताई, तिचा नवरा, आणि स्क्रूड्रायव्हर कानावर अडकवलेले मामा. वर आजी आल्या. त्यांनी शाल सावरली, दांडीला हात लावला, एक पायरी उतरल्या. थांबल्या. मग तितक्याच सावकाश परत वर गेल्या.

"छान झालीये," त्या वरून म्हणाल्या. "गुळगुळीत आहे."

"आणि?" त्यांच्या मुलानं विचारलं.

"आणि काय? छान म्हटलं ना."

दार लागलं. मामांनी कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढून खिशात ठेवला. "वस्तूत खोट असेल तर सांगावं माणसानं. छान म्हणून दार लावलं की मी करू काय?"

त्या आठवड्यात कापताई काचेपलीकडे असून नसल्यासारखी होती. तिच्या पडद्यावर तीच दांडी तरंगत असे, आणि ती तिला सावकाश फिरवत राही. एक दिवस चालताना म्हणाली, "काल स्वप्न पडलं. मी जिना काढत होते. पायऱ्या एकेक करून वर येत होत्या, अगदी अलगद, भिजलेलं पीठ फुगावं तशा. सगळं भरीव झालं, भिंती, दार, मशीन, तुमची पँटसुद्धा. फक्त आई वरच्या पायरीवर सपाट उभ्या होत्या. कागदाच्या. मी त्यांना ओढायला जाते, तर येईनात. म्हणजे कड कुठेतरी जोडलेली नाही. मी त्यांच्याभोवती बोट फिरवत फट शोधत होते."

"सापडली?"

"जाग आली."

फट सापडली ती शनिवारी दुपारी. मी दारात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. कापताई गल्ली ओलांडून आली, अनवाणी. आजूबाजूला न बघता म्हणाली, "भाऊ, मी घड्याळ कुठल्या हातात घालते?"

"डाव्या."

"आत्ता जिना उतरताना ते दांडीला घासलं. टक् करून वाजलं."

"मग?"

"चढताना कधी वाजलं नाही."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. बसल्या जागी, मनातल्या मनात, तो जिना चढलो आणि वळून उतरलो. चढताना भिंत उजवीकडे, उतरताना तीच भिंत डावीकडे.

"आईंनी उजवा हात पुढे केला आणि मी तो घेतला," ती म्हणाली. "चढायची दांडी केली आम्ही. भाऊ, चढायचं होतं कुणाला?"

पुढचं तिनं मला नंतर चालताना सांगितलं. ती मातीचा नवा गोळा घेऊन सासूपाशी पलंगावर बसली. "आई, दुसरा हात द्या."

"तो कशाला? त्यानं काय धरवतंय?"

"जेवढं धरवतंय तेवढंच हवंय."

"असल्या हाताचं माप घेत नाहीत."

"तुम्ही त्या पोस्टमनकाकांचा कोट शिवला होतात. एक खांदा खाली असलेले. त्यांनी तो खांदा माप देताना उचलून धरला असता तर?"

"धरतच होता मेला," आजी म्हणाल्या. "सतरांदा सांगितलं, सरळ उभा राहू नकोस, जसा आहेस तसा राहा. तेव्हा कुठे कोट बसला."

एवढं बोलून त्यांनी सुनेकडे पाहिलं. "फार शहाणी आहेस."

"तुमच्याच घरात झाले."

शाल बाजूला झाली. त्या हाताला माती घट्ट दाबता येईना. तळव्याची टाच खोल उमटली, बोटांचे मात्र नुसते पुसट स्पर्श, पाखरू बसून उडाल्यासारखे. गोळा पसरट झाला. "एवढंच?" आजींनी विचारलं. सून म्हणाली, "एवढंच पुरे." आणि तारेनं कापायच्या आधी तिनं तो गोळा जरा वेळ नुसता हातात धरला.

सोमवारी ती चौथ्या रीतीला लागली, जी मी तोवर पाहिली नव्हती. वाटेच्या एका टोकाला एक काप ठेवायचा, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मधलं सगळं पडद्यालाच भरू द्यायचं. एकातून दुसरा कसा होत जातो ते तो ठरवतो. वरच्या टोकाला तिनं डाव्या हाताचा पसरट काप ठेवला, ज्यावर बोटं मिटायची गरजच नाही, तळवा टेकवून वजन देता येईल. खालच्या टोकाला जुना, उजव्या मुठीचा.

"सगळी दांडी पसरटच का नाही?" मी काचेवर टकटक करून विचारलं.

"चढताना जोर खाली लागतो, भाऊ. उतरताना भीती वर असते."

तिनं बटण दाबलं, आणि पडद्यावर जे आलं ते बघून मामा म्हणाले, "ही दांडी आहे की पिळलेलं फडकं?" खरंच, मधोमध तिला मोठा पीळ बसला होता. तिनं ती जवळ आणून बघितली. वरच्या कापातला अंगठा खालच्या कापातल्या बोटांशी जोडला जात होता. कोण कुणाचं, हे कळत नव्हतं, आणि वस्तू त्या गोंधळात वळत गेली होती.

ती खुर्चीत मागे टेकली. डोळे उघडे, पण तिथे नव्हती. तिला काय आठवत होतं ते मला नंतर कळलं: लग्न होऊन सासरी आली तेव्हा ती संध्याकाळी खाली मशीनजवळ बसायची. आजी बाहीच्या कापडाला कैचीनं एक बारीक खूण द्यायच्या आणि अंगाच्या कापडाला तशीच दुसरी. खुणेला खूण लावून शिवायचं. नाहीतर बाही फिरते आणि गिऱ्हाईक घरी जाऊन हात वर केल्यावर शिव्या देतं. तिनं वरच्या कापावर अंगठ्यापाशी एक ठिपका दिला. खालच्या कापावर अंगठ्यापाशी एक ठिपका दिला. ठिपक्याला ठिपका जोडायला सांगितलं.

पीळ सुटला. झोपेत कूस बदलावी तसा, आवाज न करता. वरचा पसरट भाग खाली येताना हळूहळू आवळत गेला, त्याला खोबण आली, खांदा आला, आणि तळाशी तो मूठ झाला. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं, हे बोट ठेवून दाखवता आलं नसतं. मी ते बघत किती वेळ उभा होतो ते मला ठाऊक नाही. मालक मागून जाताना खोकले, एवढं आठवतं.

मामांनी ही दांडी कुणाला हात लावू न देता घासली. जुनी काढून आणली आणि कारखान्याच्या पोटमाळ्याच्या शिडीला लावून टाकली. "चढायची आहे ना, चढू देत," ते म्हणाले.

या वेळी कापताईनं कुणालाही बोलावलं नाही. मामांनी सकाळी दांडी बसवली आणि तिनं सासूला एवढंच सांगितलं, "आई, मी कामाला जाते. हे पण बाहेर चाललेत. खालचं कुलूप काढून ठेवलंय." झेरॉक्सवाला दुसऱ्या दिवशी उत्तराला यायचा होता. दिवसभर तिनं एका कपाटाच्या मुठीवर काम केलं, आणि ती मूठ शेवटपर्यंत बंद होईना. कुठेतरी फट राहत होती. मीही एक रक्कम उलटीसुलटी तपासत बसलो.

संध्याकाळी आम्ही नेहमीपेक्षा भराभर चाललो. सावल्या भिंतीवरून आमच्याआधी पळत होत्या. तिच्या दारात आलो तर जिन्याचं दार उघडं, आणि तळाच्या पायरीवर टेलरआजी बसलेल्या. शाल वरच कुठेतरी राहिली होती. डावा हात दांडीच्या शेवटच्या टोकावर होता.

"केव्हा आलात?" कापताईनं विचारलं.

"आले मगाशी. बघत होते, किती धूळ बसलीये." खोलीचं दार त्यांच्यासमोर उघडं होतं. आत मशीन, टेबल, टांगलेले कागद, सगळं पिवळ्या उन्हात. पण मधल्या जागेत धरायला काही नव्हतं. आजींनी दांडीचं टोक थोपटलं. "ही इथंच का संपवलीस गं?"

"इथून पुढे सपाट आहे, आई."

आजींनी फरशीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठल्या, आणि दांडीवरचा हात काढताना तो क्षणभर हवेत तसाच राहिला, दांडीचा आकार धरून. त्या चालत गेल्या. टेबलाशी पोचल्यावर त्यांनी त्यावरून तळवा फिरवला आणि धूळ आपल्या पदराला पुसली.

मुलगा तेवढ्यात आला. दारात थांबून आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "झेरॉक्सवाल्याला काय सांगू?"

"सांग, इथं नक्कल निघत नाही. माप द्यावं लागतं," आजी म्हणाल्या, आणि खिळ्यावरची माझी पँट काढून झटकली. "भाऊ, या इकडे. तेव्हाचं माप आता चालायचं नाही. खाणंपिणं व्यवस्थित दिसतंय."

मी पुढे झालो. त्यांनी उजव्या हातानं टेप फिरवली आणि तिचं टोक डाव्या तळव्यानं माझ्या कमरेशी दाबून धरलं. बोटं मिटली नाहीत, पण टोक हललं नाही. मी सवयीनं श्वास ओढला.

"पोट आत घेऊ नका," त्या म्हणाल्या. "जसे आहात तसे राहा."

मी राहिलो. समोरच्या भिंतीवर, कागदी खांद्यांच्या आणि बाह्यांच्या मधोमध, माझी सावली सपाट पडली होती, पोटासकट. कापताई दाराला टेकून तिच्याकडे बघत होती, डोक्यात काहीतरी फिरवत असल्यासारखी. फिरवून काय झालं, ते मी विचारलं नाही.